हाड आधी जुळलं, मनगट मागाहून उठलं

मी गुरांचा डॉक्टर. पावसात मोटरसायकल घसरली आणि उजव्या दंडाचं हाड मधोमध मोडलं. दुखत होतंच, पण धडकी भरली ती मनगट बघून. ते लुळं लोंबत होतं. बोटं मिटत होती, उघडत नव्हती. अंगठ्यामागची कातडी बधिर.

एक्स-रे काढायच्या आधीच मला अंदाज आला. या हाडाच्या मागून रेडियल नस, म्हणजे रेडियल मज्जातंतू, तिरकी वळसा घेत, हाडाला अगदी लगटून खाली उतरते. मनगट आणि बोटं वर उचलणारे स्नायू तिच्यावर चालतात. जनावरांतही हीच नस, हाच वळसा. पत्र्या मारायला पाडलेला बैल कडक जमिनीवर फार वेळ एका कुशीवर राहिला, की ही नस दबते आणि उठल्यावर कधीकधी त्याचं कोपर खाली येतं, पायावर भार घेता येत नाही, खूर फरफटतो. गुरांचं दंडाचं हाड आखूड, जाड, छातीलगत मांसात दडलेलं असतं. पुढच्या पायाचा आपण जो गुडघा म्हणतो, ते त्यांचं मनगट. माझं कोपर मात्र नंतर सरळ होऊ लागलं, कारण ते सरळ करणाऱ्या स्नायूच्या फांद्या नसेतून वरच निघतात आणि माझा मार त्यांच्या खाली बसला होता.

हाडांच्या डॉक्टरांनी ऑपरेशन नको म्हटलं. जखम उघडी नव्हती, हाड फारसं सरकलेलं नव्हतं. आधी कच्चं प्लास्टर, सूज उतरल्यावर पट्ट्यांनी आवळायचा प्लास्टिकचा ब्रेस. हात गळ्यात अडकवायचा, पण कोपराला खालून आधार द्यायचा नाही. हाताच्या वजनानेच हाड सरळ रेषेत राहतं. झोप म्हणाल तर पाठीशी उशा रचून अर्धवट बसूनच. ते दिवस फार जड गेले.

घरचे रोज म्हणायचे, ‘नस दबलीय तर उघडून का बघत नाहीत?’ पण अशा बंद फ्रॅक्चरमध्ये बहुतेकांची नस आपोआप परतते. म्हणून तीन-चार महिने वाट बघतात आणि तरीही हालचालीचा मागमूस नसला तरच उघडतात. आतले धागे तुटले असतील तर ते दिवसाला साधारण 1 मिलिमीटर वाढतात, त्याला घाई करता येत नाही. मी थांबायचं ठरवलं आणि आजही तो निर्णय मला योग्य वाटतो. मात्र थांबणं म्हणजे गप्प बसणं नव्हे. मनगटाला वर धरणारी पट्टी, आणि डाव्या हाताने उजवी बोटं एकेक करून पूर्ण उघडायची, दिवसातून अनेकदा. सांधे आखडले तर नस येऊनही उपयोग नाही.

नस परततानाही क्रमाने परतते, जवळचा स्नायू आधी. फिजिओथेरपिस्ट ताईंनी माझा अंगठा वर करून हात टेबलावर ठेवला, मनगट दाबून धरलं आणि म्हणाल्या, ‘आता कोपर वाकवा.’ कोपराजवळ कातडीखाली बारीक दोरीसारखा ताण उठला. मी स्वतःचं बोट ठेवून खात्री केली. मनगट त्यानंतर आलं, मग बोटं, अंगठा सर्वांत शेवटी. हाड तोवर कधीच जुळलं होतं.

गाभ तपासायला मी डावा हात वापरतो, त्यामुळे ते काम आधी सुरू झालं. सुई टोचायला अंगठ्याची वाट बघावी लागली. गाय अडली तर वासरू ओढायला अजून सहकाऱ्याला बोलावतो.