गुणांना भागिले सामने

११ सप्टेंबर २०२०, शुक्रवार

उद्या इंग्लंडमधल्या फुटबॉलच्या खालच्या लीगचा नवा हंगाम सुरू. खेळाडू असतील, पंच असतील, कोरोनामुळे स्टँडमध्ये चिटपाखरू नसेल. बॅरोचा क्लब १९७२ साली लीगमधून बाहेर फेकला गेला होता. ४८ वर्षांनी तो परत येतोय आणि स्वागताला दारात कुणी नाही.

हंगाम सुरू होण्याआधी मागच्याचा हिशेब कागदावर मांडून ठेवतोय. हाच हिशेब फेब्रुवारी-मार्चमध्ये पुन्हा काढावा लागेल अशी दाट शंका आहे.

१३ मार्चला सामने थांबले. प्रीमियर लीग जूनमध्ये परत सुरू झाली कारण तिथे टीव्हीचा पैसा आहे. प्रेक्षक नसले तरी चूल पेटते. लीग वन आणि लीग टू, म्हणजे तिसरी आणि चौथी पायरी, यांचं तसं नाही. इथे गेटवर गोळा होतो तोच पैसा. उरलेले सामने रिकाम्या मैदानात खेळवायचे म्हणजे चाचण्यांचा खर्च आला. सरकारच्या फर्लो योजनेत (काम थांबलेल्यांना सरकारकडून पगाराच्या ८० टक्के, महिन्याला जास्तीत जास्त २,५०० पौंड) बसवलेल्या खेळाडूंना परत कामावर घेऊन पूर्ण पगार देणं आलं. त्यात बऱ्याच जणांचे करार ३० जूनला संपत होते. शेवटी ९ जूनला क्लबांनी मतदान करून हंगाम तिथेच गुंडाळला आणि गुणतक्ता त्रैराशिकाने पुरा केला. मिळालेले गुण भागिले खेळलेले सामने. बस.

शाळेत हे गणित सोपं वाटायचं. लीग वनमध्ये मार्चला तीन क्लब प्रत्येकी ५९ गुणांवर होते: पीटरबरो सहावा, संडरलंड सातवा, विकंब आठवा. क्रम लागला होता गोलफरकावर. पण खेळलेले सामने सारखे नव्हते. पीटरबरो ३५, संडरलंड ३६, विकंब ३४. आता भागाकार करा. पीटरबरो १.६९, संडरलंड १.६४, विकंब १.७४. त्यांच्या वर ६० गुणांवर ऑक्सफर्ड, पोर्ट्समथ आणि फ्लीटवुड होते, तिघांचे ३५ सामने, म्हणजे १.७१. विकंब त्यांनाही ओलांडून आठव्यावरून थेट तिसऱ्या क्रमांकावर. प्ले-ऑफ, म्हणजे बढतीच्या शेवटच्या जागेसाठीचे सामने, तिसऱ्या ते सहाव्या क्रमांकासाठी असतात, त्यामुळे पीटरबरो सातवा होऊन बाहेर. १३ जुलैला रिकाम्या वेम्ब्लीवर विकंबने ऑक्सफर्डला २-१ हरवलं आणि इतिहासात पहिल्यांदा दुसऱ्या पायरीवर चढला. त्यांच्या चाहत्यांनी हा क्षण घरात सोफ्यावर बसून पाहिला.

त्रैराशिकात एक गोष्ट गृहीत असते: बारा मजूर भिंत बांधतात तेव्हा बाराही मजूर सारखेच काम करतात. फुटबॉलमध्ये उरलेले सामने सारखे नसतात. कुणाचे घरच्या मैदानावर जास्त उरलेत, कुणाचे बाहेर, कुणाला तळाच्या संघांशी खेळायचंय, कुणाला वरच्यांशी, यातलं काहीच या भागाकारात धरलेलं नाही. आपल्याला अन्यायाने खाली ढकललं, ही लीग वनमधल्या ट्रॅनमियरची तक्रार ऐकताना हे ध्यानात ठेवावं. त्यांचे ३४ सामन्यांत ३२ गुण, म्हणजे ०.९४. त्यांच्या लगेच वर विम्बल्डन, ३५ सामन्यांत ३५ गुण, बरोबर १. हातात असलेला एक सामना जिंकला असता तर गुण समान झाले असते, आणि त्याआधीचे लागोपाठ तीन सामने ट्रॅनमियरने जिंकले होते. पण भागाकाराला चढती कमान दिसत नाही. क्लब खालच्या गटात गेला.

लीग टूमध्ये क्रू आणि स्विंडन दोघांचे ६९ गुण. क्रू गोलफरकावर वर, पण एक सामना जास्त खेळलेला. विजेता स्विंडन. दोघांनाही बढती होतीच, त्यामुळे आरडाओरडा झाला नाही.

तरीही भागाकार बरा, असं माझं मत आहे, कारण त्याखालच्या पायऱ्यांवर सरळ खोडरबर फिरवला. सातव्या पायरीपासून खालचा अख्खा हंगाम २६ मार्चलाच रद्द ठरवला. बढती नाही, घसरण नाही, निकालच नाहीत. साउथ शील्ड्स आपल्या गटात १२ गुणांनी पुढे होता. जर्सी बुल्सने २७ पैकी २७ सामने जिंकून बढती पक्की केली होती. सगळं पाण्यात.

आपल्या आय-लीगमध्ये हा प्रश्न सोपा होता. मोहन बागानने १० मार्चलाच, चार फेऱ्या बाकी असताना, विजेतेपद गणितानेही पक्कं केलं होतं. उरलेले २८ सामने रद्द झाले, खाली कुणालाच ढकललं नाही. कोर्टकचेरी होण्यासारखं काही उरलंच नाही.

१७ सप्टेंबर, गुरुवार

काल लंडनच्या हायकोर्टाने मॅकल्सफील्ड टाउन क्लब गुंडाळायचा आदेश दिला. देणी पाच लाख पौंडांच्या वर. १८७४चा क्लब. पगार थकवल्याबद्दल वर्षभर गुण कापले जात होते, ऑगस्टमध्ये शेवटची कपात झाली आणि लीग टूच्या तळाला असलेला स्टीव्हनेज वाचला, मॅकल्सफील्ड लीगबाहेर गेला. याआधी २०१९च्या ऑगस्टमध्ये बरी क्लब बाहेर काढला गेला. म्हणून तर मागच्या वर्षी लीग वन २३ क्लबांची होती. बरीला कोरोनाने मारलं नाही, मॅकल्सफील्डलाही निव्वळ कोरोनाने नाही. आधीच भोक असलेल्या होडीत पाणी लवकर चढलं, इतकंच.

या बातमीनंतर सीझन तिकीट काढलेल्या प्रत्येकाने एक हिशेब करावा. धरा, तिकीट ३४५ पौंडांचं. घरचे सामने २३. म्हणजे सामन्याला १५. मार्चमध्ये घरचे पाच सामने राहिले असतील तर क्लबकडे तुमचे ७५ पौंड आहेत. बहुतेक क्लबांनी साधारण तीन वाटा दिल्या: पैसे परत, पुढच्या तिकिटात वळते, किंवा क्लबला सोडून द्या. मनाने तिसरी वाट धरावीशी वाटते आणि ते चांगलंच आहे. पण सोडून दिले म्हणजे दिले. क्लब बुडाला तर त्यावर नंतर हक्क सांगता येत नाही. वळते करून घेतले तर मात्र तुम्ही क्लबचे सावकार झालात, हे लक्षात येत नाही लोकांच्या.

आणि सावकारही शेवटच्या रांगेतले. क्लब दिवाळखोरीच्या प्रशासकाकडे गेला की फुटबॉलच्या नियमाने खेळाडूंचे पगार आणि इतर क्लबांची देणी आधी, पूर्ण फेडावी लागतात, नाहीतर लीगमध्ये जागा राहत नाही. सीझन तिकीटवाला, मीट-पाय पुरवणारा बेकरीवाला, मैदानाची माती आणणारा हे सगळे विनातारण घेणेकरी. पौंडामागे काही पेन्स हाती आले तर नशीब. प्रशासक आला की क्लबचे १२ गुण जातात ते वेगळंच. विगनचं १ जुलैला हेच झालं आणि तो दुसऱ्या पायरीवरून खाली घसरला.

यावर ब्रिटनमध्ये एक साधा उपाय आहे. तिकीट १०० पौंडांवरचं असेल तर निदान काही रक्कम क्रेडिट कार्डाने भरा. १९७४च्या ग्राहक पतपुरवठा कायद्याच्या कलम ७५ प्रमाणे विक्रेत्याने सेवा दिली नाही तर कार्ड देणारी बँकही तितकीच जबाबदार असते. डेबिट कार्डाला हे कलम लागू नाही. तिथे बँकेकडे पैसे उलटे फिरवण्याची विनंती करता येते, पण तो कायद्याने मिळालेला हक्क नाही आणि तिला मुदत असते. लोक चुकतात ते इथेच: हंगाम सुरू होईल, थांबेल, पुन्हा सुरू होईल म्हणत वाट बघतात आणि मुदत टळते. क्लबची ईमेल, तिकिटाची पावती, रद्द झालेल्या सामन्यांच्या तारखा एका फोल्डरमध्ये ठेवा. चाहता असणं आणि पावती जपणं यात विरोध नाही.

२२ सप्टेंबर, मंगळवार

१ ऑक्टोबरपासून प्रेक्षक येणार होते. आज सरकारने ते पुढे ढकललं. कुठवर, ते सांगितलं नाही.

गेल्या शनिवारी काही मैदानांवर हजार-हजार प्रेक्षकांची चाचणी झाली होती. नावावर काढलेलं तिकीट, ठरलेल्या वेळेलाच प्रवेश, घरातले लोक एकत्र आणि बाकीच्यांपासून लांब. दहा-पंधरा हजारांच्या मैदानात हजार माणसं म्हणजे ताटात चार शितं. आणि क्लबच्या खर्चाच्या बाजूनेही हे अर्धवटच पडतं. हजार माणसांसाठीही स्वयंसेवक, स्वच्छता, वैद्यकीय पथक लागतं. तिकिटाचा पैसा मात्र हजाराचाच येतो. चाचणी यशस्वी झाली म्हणजे क्लबचा फायदा झाला असं नाही.

खरी गंमत पायऱ्यांची आहे. सातव्या पायरीच्या आणि त्याखालच्या क्लबांना मर्यादित प्रेक्षक घेता येतात, पायरीप्रमाणे साधारण तीनशे ते सहाशे. पाचवी आणि सहावी पायरी मात्र ‘एलिट’ धरली आहे, म्हणून तिथे शून्य. सहाव्या पायरीवरचे कित्येक खेळाडू दिवसा नोकरी करतात आणि संध्याकाळी सराव. हे एलिट! परिणाम असा की एकाच गावात खालचा क्लब तिकिटं विकतोय आणि वरच्याला कुलूप. कोल्हापुरात शाहू स्टेडियमला कुलूप घालून शेजारच्या गल्लीतल्या सामन्याला तिकीट लावण्यासारखं.

२४ ऑक्टोबर, शनिवार

प्रक्षेपणाविषयी, कारण अजूनही लोक विचारतात.

इंग्लंडमध्ये शनिवारी पावणेतीन ते सव्वापाच फुटबॉल थेट दाखवायला एरवी बंदी असते, खालच्या क्लबांची गर्दी घरी बसू नये म्हणून. आता गर्दीलाच बंदी, त्यामुळे ती अट उठवली आहे. क्लबच्या पानावर थेट बघायला सामन्याला १० पौंड. सीझन तिकीटवाल्यांना घरच्या सामन्यांसाठी कोड मिळतो. बाहेरचा सामना असेल तर तिकीट आपल्या क्लबच्या पानावरूनच घ्यावं, समोरच्या क्लबच्या नाही.

तीनच्या सामन्याला दोन पंचावन्नला लॉग-इन करू नका, तेव्हा सगळेच करतात आणि पान अडकतं. अडीचला आत शिरा. चित्र प्रत्यक्षापेक्षा अर्धा-एक मिनिट मागे असतं, म्हणून फोनवरच्या स्कोअरच्या सूचना बंद करा. नाहीतर पेनल्टी घेण्याआधीच ती वाया गेल्याचं कळतं. बऱ्याच ठिकाणी एकच कॅमेरा, मधल्या रेषेवर. लांबच्या कोपऱ्यातला कॉर्नर अंदाजानेच समजून घ्यायचा. समालोचन स्थानिक रेडिओचं, आणि ते मात्र उत्तम असतं, कारण बोलणारा तीस वर्षं त्याच क्लबच्या मागे असतो.

आज रात्री इथली घड्याळं एक तास मागे जातात. भारतातून बघणाऱ्यांनी लक्षात ठेवावं: तीनचा सामना आजवर संध्याकाळी साडेसातला लागायचा, पुढच्या शनिवारपासून साडेआठला.

२ डिसेंबर, बुधवार

दुसरी टाळेबंदी आज संपली. जिथे साथ तुलनेने कमी तिथे २,००० प्रेक्षक, अगदी कमी तिथे ४,०००, जास्त तिथे कुणीच नाही. कार्लाइलला आज माणसं आत गेली, चार्लटनलाही. टीव्हीवर पहिला आवाज ऐकू आला तो चुकलेल्या पासवरच्या सामुदायिक ‘अर्रर्र’चा. नऊ महिने तो नव्हता. गोलवरचा जल्लोष ध्वनिफितीने उभा करता येतो, हा नाही.

सरकारने मिळवून दिलेल्या १ कोटी पौंडांच्या लॉटरी अनुदानाची पाचव्या-सहाव्या पायरीत वाटणी झाली त्यावरून अजून भांडणं चालू आहेत. पाचव्या पायरीला महिन्याला ९५ हजार किंवा ८४ हजार, सहाव्याला ३६ किंवा ३० हजार. पैसा बुडालेल्या गेटच्या भरपाईचा होता, पण वाटला पायरी बघून. ज्याच्याकडे आठशे माणसं यायची आणि ज्याच्याकडे तीन हजार, त्यांना जवळजवळ सारखंच. एखाद्याला एरवीपेक्षा जास्त मिळालं असेल, एखाद्याचा खड्डा अर्धाही भरला नसेल. इथे भागाकार खरंच करायला हवा होता, तर नेमका केला नाही.

१० जानेवारी २०२१, रविवार

आठव्या पायरीवरचा मरीन क्लब एफए कपात, म्हणजे वरच्या-खालच्या पायऱ्यांच्या एकत्र बाद स्पर्धेत, आज प्रीमियर लीगमधल्या टॉटनहॅमशी खेळला. ५-० हरले, त्याचं काय एवढं. क्रॉस्बीतल्या त्यांच्या मैदानाच्या एका कडेला घरांची परसं लागून आहेत. प्रेक्षकांना बंदी, पण स्वतःच्या अंगणात उभं राहायला बंदी कशी घालणार? कुंपणावरून डोकी दिसत होती.

क्लबने १० पौंडांची नुसती नावापुरती तिकिटं काढली होती, आत येण्याचा हक्क नाही, फक्त मदत. ३० हजारांवर खपली. त्यांची स्वतःची लीग मात्र बंदच आहे.

१८ फेब्रुवारी, गुरुवार

झालं. सहाव्या पायरीच्या उत्तर आणि दक्षिण, दोन्ही विभागांचा हंगाम आज रद्द. डिसेंबरपर्यंत अनुदान होतं. जानेवारीपासून कर्ज घ्या, सरकार म्हणालं. प्रेक्षक कधी येतील ते माहीत नसताना कर्ज कोण काढेल? क्लबांनी मत दिलं, संपलं. भागाकार नाही, खोडरबर.

उत्तर विभागात ग्लॉस्टर सिटी पहिला होता. २००७च्या पुरात त्यांचं मैदान बुडालं, तेव्हापासून १३ वर्षं दुसऱ्यांच्या मैदानांवर बिऱ्हाड. २०२०मध्ये त्याच जागी नवं मैदान बांधून घरी परतले. ऑक्टोबरात हंगाम सुरू झाला तेव्हा दाराला कुलूप, कारण ते एलिट. आता तक्त्यातला पहिला क्रमांकही गेला. मैदान मात्र तेवढं आहे, कोरडं.