ग्रीन कार्डाची रांग आणि पोर्तुगीज पासपोर्ट

आमच्या फोंड्यात कुणाचा भाऊ अमेरिकेत आहे कळलं की लोक लगेच म्हणतात, मग काय, तुम्हालापण नेईल! नेईल हो, पण आधी तो तिकडचा सिटिझन व्हायला हवा, नुसत्या ग्रीन कार्डावर भावंडांसाठी अर्ज करता येत नाही, आणि सिटिझन होऊन केला तरी एफ-४ च्या, म्हणजे सिटिझनच्या भावंडांसाठी असलेल्या रांगेत आपल्या लोकांची पंधरा वर्षं सहज जातात. ताईचा अर्ज भरला तेव्हा भाचा बालवाडीत होता, आता कॉलेजात आहे, २१ उलटली की तो आईच्या अर्जातून बाहेर पडू शकतो. सिटिझनच्या नवऱ्या-बायकोला मात्र कोट्याची मर्यादाच नाही.

कंपनीकडून जायचं तर आधी पर्म, म्हणजे ह्या कामाला तिथला माणूस मिळत नाही हे कंपनीने जाहिराती देऊन दाखवायचं, मग आय-१४०, म्हणजे कंपनीने आपल्यासाठी भरायचा अर्ज, मग रांग कुठवर आली ते सांगणारं व्हिसा बुलेटिन दर महिन्याला बघत बसा. नोकरीवाल्यांसाठी वर्षाला साधारण १,४०,००० कार्डं, त्यातच बायकापोरं धरलेली, आणि एका देशाला ७ टक्क्यांची मर्यादा.

आता खास गोंयकारांसाठी: आजोबांचा जन्म लिस्बनला नोंदवून पोर्तुगीज पासपोर्ट काढला म्हणून ही रांग चुकत नाही! देश पासपोर्टावर नाही, जन्म कुठे झाला त्यावर धरतात. हे एजंट सांगत नाहीत, पैसे तेवढे घेतात. जोडीदाराचा जन्मदेश मात्र चालतो. ओळखीतल्या एकाची बायको नैरोबीत जन्मलेली, तो तिच्या नावावर केनियाच्या खात्यात गेला आणि त्याच्याबरोबरचे बाकीचे अजून भारताच्याच रांगेत.