तुम्ही विचारलंत म्हणून: एकच आकडा का सांगत नाही?

"हवेतले कण मोजणारी यंत्रं तपासतोस ना? मग आज मुंबईची हवा किती वाईट, एक आकडा सांगून टाक की!" लग्नात, लोकलमध्ये, सोसायटीच्या ग्रुपवर, सगळीकडे हेच. मी अटी सांगायला लागलो की लोकांना वाटतं, हा कुणाला तरी पाठीशी घालतोय. ते लागतं मला. म्हणून एकदा सविस्तर लिहितो.

अतिसूक्ष्म कण मोजणाऱ्या यंत्रात कणावर ब्युटेनॉलची वाफ जमवून त्याला फुगवतात, मग तो लेझरसमोर दिसतो. यंत्र एकही कण चुकवत नाही ना, हे बघायला तीच हवा आम्ही फॅरेडे कपमध्येही, म्हणजे कणांवरचा विद्युतभार पकडणाऱ्या धातूच्या भांड्यात, सोडतो. प्रत्येक कणावर एकच विद्युतभार ठेवायचा आणि त्यातल्या फिल्टरवर अडकलेल्या कणांमुळे वाहणारा विद्युतप्रवाह मोजायचा, त्यावरून कणांची संख्या कळते. घनसेंटिमीटरला १००० कण आणि मिनिटाला १ लिटर हवा असेल, तर हा प्रवाह भरतो जेमतेम २.७ फेम्टोअँपिअर, म्हणजे अँपिअरचा अगदी नगण्य अंश. इलेक्ट्रॉनच्या भाराची किंमत २०१९ पासून व्याख्येनेच पक्की आहे, तेवढं टोक घट्ट. पण जुलैत इन्सुलेटरवर ओल धरली की कण नसतानाही प्रवाह दिसतो. केबल जरा हलली तरी आकडा नाचतो. शून्य स्थिर होईपर्यंत हात न लावता बसून राहायचं.

हे सगळं करणारा माणूस तोंडावर आकडा फेकेल कसा?

तरी खरं कारण वेगळं आहे. पूर्व उपनगरातल्या एका सोसायटीच्या बायकांनी शेजारच्या काँक्रीट प्लँटविरुद्ध तक्रार केली होती. वर्गणी काढून एक स्वस्त सेन्सर घेतला, गॅलरीत टांगला. त्यातल्या एक ताई सेन्सर आणि वही घेऊन आमच्याकडे आल्या. वहीत लाल पेनाने आखलेले रकाने, सकाळ-दुपार-रात्रीचे आकडे, आणि समासात कुठे कुठे बारीक अक्षरात: "आज पोराला नेब्युलायझर."

पावसाळ्याचे दिवस होते. आम्ही सेन्सर प्रमाणित यंत्राशेजारी ठेवला, ताडून पाहिला आणि अहवाल दिला. पहिला मुद्दा: हवा दमट असताना हा सेन्सर पीएम २.५ (अडीच मायक्रॉनपर्यंतचे बारीक कण) वाढवून दाखवतो. ते खरंच आहे. समुद्राच्या मिठाचे कण पाणी पिऊन फुगतात, जास्त प्रकाश विखुरतात, आणि सेन्सरला ती धूळ वाटते. दुसरा मुद्दा: सिमेंट-खडीची जाड धूळ या सेन्सरला जवळपास दिसतच नाही, म्हणजे पीएम १० (दहा मायक्रॉनपर्यंतचे कण, जाड धुळीसकट) तो कमी दाखवतो. तेही तितकंच खरं, आणि त्यांच्या तक्रारीचा जीव त्यातच होता.

सुनावणीत समोरच्यांनी पहिला मुद्दा वाचला आणि कागद मिटला. संध्याकाळी ताईंचा फोन आला. आवाज चढलेला नव्हता. "सर, म्हणजे पोराचा खोकलापण दमट हवेमुळेच का?"

मी दुसऱ्या मुद्द्याबद्दल बोलत राहिलो. त्या ऐकत राहिल्या.

पूर्वी मी ठासून सांगायचो की आमचं काम यंत्रापुरतं, आकड्याचं पुढे काय होतं ते आमचं नाही. आजही अहवालातला एक शब्द बदलावासा वाटत नाही. पण क्रमाचं काय? जाड धुळीचा मुद्दा आधी लिहिला असता तर? मग मी एका बाजूचा झालो असतो, असं तो पूर्वीचा मी म्हणतो. मी त्याला विचारतो, दमटपणा आधी लिहिलास तेव्हा तू कुणाच्या बाजूचा होतास? त्यावर तो म्हणतो, सेन्सर पीएम २.५ साठी विकला जातो, म्हणून ते आधी. हेही बरोबरच आहे. आमचं भांडण तिथेच अडलेलं आहे.

एवढं मात्र ठरवलंय. आकडा विचाराल तर मी आधी महिना विचारणार, यंत्र विचारणार आणि कुठल्या आकाराचे कण ते विचारणार. राग आला तरी चालेल.

त्या सोसायटीला मी सांगितलं, थंडीत कोरड्या हवेत पुन्हा मोजा, जाड धुळीसाठी सॅम्पलर लावा, तो धूळ फिल्टरवर गोळा करतो आणि मग फिल्टरचं वजन करतात. ताईंनी त्याचं भाडं विचारलं. मी सांगितलं. "एवढी वर्गणी आता नाही जमायची, सर," त्या म्हणाल्या.