खालची काळी रेघ अखेर गेली

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातील भंगारातून आणलेल्या फिश फाइंडरचे (मासे आणि पाण्याची खोली दाखवणाऱ्या यंत्राचे) ३२० बाय २४० बिंदूंचे एलसीडी पॅनेल मी पिको या छोट्या कंट्रोलर बोर्डावर चालवतो आहे. त्यावर सर्वांत खाली दिसणारी काळी रेघ परवा रात्री नाहीशी झाली. तिने माझे तीन आठवडे खाल्ले. दोष पॅनेलचा नव्हता, खाऱ्या हवेचाही नव्हता. तो माझ्याच प्रोग्रामचा होता, हे कबूल करण्यासाठीच ही नोंद लिहीत आहे.

मागील नोंदीनंतरची किरकोळ कामे आधी उरकतो. बाइट उलट क्रमाने गेल्यामुळे अक्षरांचे जे तुकडे पडत होते, ते डीएमएमधील (प्रोसेसरला न गुंतवता माहिती हलवणाऱ्या पिकोच्या भागातील) बाइट-अदलाबदलीचा एक बिट चालू करताच जुळले. फुटलेल्या दिव्याच्या नळीच्या जागी पांढऱ्या एलईडीची पट्टी बसली. एमसी३४०६३ या व्होल्टेज बदलणाऱ्या चिपवर तयार केलेला उणे १८ व्होल्टचा पुरवठा स्थिर आहे आणि कॉन्ट्रास्टचा पॉट (फिरवता येणारा रोधक) मध्यावर ठेवला की चित्र चांगले गडद दिसते. पिकोचे ३.३ व्होल्टचे संकेत पॅनेलच्या ५ व्होल्टच्या लॉजिकला पुरत नाहीत, म्हणून मध्ये ७४एचसीटी२४५ ही संकेत ५ व्होल्टपर्यंत उचलणारी आयसी घातली आहे. पहिल्यांदा मागवली होती एचसीटी, पाकिटात मात्र एचसी निघाली, आणि विक्रेत्याचे म्हणणे असे की दोन्ही एकच. ती एकच नाहीत: ५ व्होल्टवर चालणाऱ्या एचसीला 'एक' ओळखण्यासाठी साधारण ३.५ व्होल्ट लागतात, एचसीटीला २ व्होल्ट पुरतात. आयसी हातात येताच त्यावरील अक्षरे भिंगाखाली वाचून घ्यावीत.

आता रेघेविषयी. संपूर्ण चित्र स्वच्छ, फक्त २४० वी ओळ शाईने ओढल्यासारखी काळपट. हे यंत्र कित्येक वर्षे ट्रॉलरच्या केबिनमध्ये उभे होते, त्याच्या खालच्या कडेला मिठाचे पांढरे कण होते आणि रिबनजवळच्या तांब्यावर हिरवट गंज चढला होता. अशा स्थितीत दोष गंजाचा आहे असे कोणीही म्हटले असते, आणि मीही तेच म्हटले. आयसोप्रोपिल अल्कोहोलने कड तीन वेळा पुसली, रिबनचे सांधे एकेक करून मल्टीमीटरने तपासले, दोन ठिकाणी नव्याने डाग दिला, आणि पावसाळी दमटपणाचा संशय घेऊन पॅनेल दोन दिवस तांदळाच्या डब्यातही ठेवले. घरातील मंडळींनी तो तांदूळ नंतर वेगळा काढला, हे सांगायला नको. रेघ मात्र जशीच्या तशी राहिली.

मी पडद्यावर पाण्याच्या खोलीचा आकडा दर सेकंदाला बदलत ठेवला होता. एका संध्याकाळी लक्षात आले की आकडा बदलतो त्या क्षणी रेघ किंचित अधिक काळी होते. पडद्यावरचा आकडा बदलला, हे गंजाला कसे कळणार? त्याच क्षणी स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला आणि लॉजिक ॲनालायझर (संकेत केव्हा बदलतात ते दाखवणारे यंत्र) जोडला.

ज्यांनी स्वतःचा कंट्रोलर नसलेले, म्हणजे ज्याला चित्र बाहेरून सतत पाठवावे लागते असे पॅनेल चालवले आहे त्यांना पुढचे ओळखीचे वाटेल. चार बिटांच्या बसवर, म्हणजे एका ठोक्याला चार बिंदू जाणाऱ्या तारांवर, एका ओळीला ८० क्लॉक (ठोके) लागतात. सेकंदाला ७० फ्रेम (पूर्ण चित्रे) धरल्या तर एका ओळीच्या वाट्याला सुमारे ५९.५ मायक्रोसेकंद येतात. एक ओळ लॅच झाली, म्हणजे पडद्यावर लागू झाली, की पुढची ओळ भरून होईपर्यंत तिलाच व्होल्टेज मिळत राहते, आणि ते जितका जास्त वेळ मिळेल तितकी ती काळी दिसते. माझ्या मांडणीत फ्रेमचे २४०० शब्द (३२ बिटांचे) संपले की डीएमए थांबत असे, इंटरप्ट (प्रोसेसरला दिलेली हाक) येत असे, आणि मायक्रोपायथन भाषेतील माझे फंक्शन डीएमए पुन्हा सुरू करीत असे. पीआयओच्या (पिकोतील संकेत पाठवणाऱ्या भागाच्या) फिफोतील, म्हणजे छोट्या रांगेतील, चार शब्द तोवर संपून जात आणि ॲनालायझरवर प्रत्येक फ्रेमच्या शेवटी सुमारे ११० मायक्रोसेकंदांची पोकळी स्पष्ट दिसत होती. तेवढा वेळ २४० वी ओळ लॅच झालेल्या अवस्थेतच थांबत असे, म्हणजे इतर ओळींच्या जवळजवळ तिप्पट. आकडा काढण्याचे काम चालू असताना इंटरप्टला आणखी उशीर होई, म्हणून रेघ आणखी काळी. खात्री करण्यासाठी १२० व्या ओळीनंतर मुद्दाम तसाच विराम घातला, तेव्हा चित्राच्या बरोबर मध्यावर दुसरी रेघ उमटली. इतका आनंद मला चित्र पहिल्यांदा उमटले तेव्हाही झाला नव्हता.

उपाय सोपा निघाला. दुसरी डीएमए वाहिनी घेतली. तिचे काम एवढेच की फ्रेम संपताच पहिल्या वाहिनीच्या पत्त्याच्या रजिस्टरमध्ये बफरचा (चित्र साठवलेल्या मेमरीचा) आरंभपत्ता पुन्हा लिहायचा आणि तिला सुरू करायचे. दोन्ही वाहिन्या एकमेकींना साखळीने जोडल्यावर प्रोसेसरचा संबंधच उरत नाही. या मांडणीचा आणखी एक लाभ आहे. पूर्वी प्रोग्राम अडकला की एकच ओळ एकाच दिशेच्या व्होल्टेजखाली अडकून राही, आणि द्रवस्फटिकाला डीसीसारखे वाईट दुसरे काही नाही. आता प्रोग्राम बंद पडला तरी चित्र चालू राहते.

डीसीचा विषय निघालाच आहे, तर पॅनेलवरील व्होल्टेजची दिशा उलटवणाऱ्या एम संकेताविषयी. पूर्वी मी तो दर १० ओळींनी उलटवत होतो. २४० ओळींत २४ पालट, म्हणजे सम संख्या, म्हणजे प्रत्येक ओळीला प्रत्येक फ्रेममध्ये तीच ध्रुवता (व्होल्टेजची दिशा). पॅनेल वाचले हे नशीब. नंतर १३ ओळी केल्या आणि निर्धास्त झालो, पण आत्ता हे लिहिता लिहिता कागदावर मांडून पाहिले तर तेरा फ्रेममागे प्रत्येक ओळीला सात वेळा एक ध्रुवता आणि सहा वेळा दुसरी मिळते. समतोल तेथेही पूर्ण नाही. १६ ओळींनी उलटवल्यास १५ पालट होतात, विषम संख्येमुळे प्रत्येक फ्रेमला ध्रुवता बदलते आणि हिशेब चोख बसतो. पालटाच्या जागा स्थिर राहिल्याने दर सोळाव्या ओळीला पुसट पट्टा दिसण्याची शक्यता आहे, तरीही आज रात्री हेच करून पाहणार.

डीसीच्या या धोक्यामुळे आजचा बेतही बदलला. आधी खोलीदर्शकाचा देखावा पूर्ण करायचा होता; आता आधी ७४एचसी१२३ या टायमर आयसीचे छोटे सर्किट बसवतो, म्हणजे फ्रेमचा संकेत थांबताच उणे पुरवठा आपोआप तुटेल. पावसात येथे वीज दिवसातून चार वेळा जाते, आणि ती परत येताना पिको सुरू होण्याआधी उणे पुरवठा उभा राहिलेला मी मीटरवर पाहिला आहे.

आणि खोली मोजायला होडी तरी कोठे आहे? १ जूनपासून होड्या किनाऱ्यावर शाकारून ठेवल्या आहेत. त्या पुन्हा पाण्यात उतरेपर्यंत ३२० बिंदूंच्या रुंदीवर दिवसभराच्या भरती-ओहोटीचा वक्र काढतो. एका बिंदूला साडेचार मिनिटे येतात. तिथीच्या पाऊणपटीने भरतीची वेळ काढण्याचा आपला जुना हिशेब सध्या प्रोग्राममध्ये घातला आहे. तो किती मिनिटांनी चुकतो, ते येत्या उधाणाला जेटीवर उभे राहून पाहीन.