डेटॉल

ज्या पोराला मी माझ्या बोटी विकल्या, त्याचा काल रात्री पावणेअकराला फोटो आला. आइस्क्रीमचा रिकामा डबा, त्यात काठोकाठ डेटॉल आणि तळाशी माझा प्रशियन ताफा, टेबलावर मांडायच्या युद्धाच्या गेममधल्या, हाताने रंगवलेल्या चिमुकल्या बोटींचा. बॅटलशिप पालथी, शेजारी तीन क्रूझर, आणि आर्मिनियस फ्रिगेट तर मूठभर शेंगा टाकाव्यात तशा टाकलेल्या. खाली मेसेज: पार्सल नीट पोचलं, मस्त आहेत, आल्या आल्या भिजत घातल्या, उद्यापर्यंत रंग सुटेल. पुढे अंगठा.

मीही अंगठा पाठवला. मग एक वाजेपर्यंत झोप नाही.

सकाळी शुभाला सांगितलं. ती डब्यात पोळ्या भरत होती. "विकल्यास ना तू? पैसे आले ना? मग?" बरोबर आहे. सत्तर पाउंड आले. विकताना मीच लिहिलं होतं, 'रंगवलेल्या, थोडं टचअप लागेल.' घर विकल्यावर नवा मालक भिंतींना कुठला रंग देतोय ते बघायला आपण जात नाही. पण नवा मालकही भिंती खरवडतानाचा फोटो आपल्याला पाठवत नाही.

मला नेमकं काय लागलं ते कळत नाहीये, म्हणून लिहितोय.

मेहनत वाया गेली, हे पहिलं उत्तर. ते सोपं आहे, म्हणूनच खोटं वाटतं. मेहनत होतीच. १:१२०० चं स्केल म्हणजे शंभर मीटरची बोट हातात सव्वाआठ सेंटिमीटरची होते. रेझिनचे हल, म्हणजे बोटींची धडं, आधी साबणाच्या पाण्यात घासायचे, नाहीतर साच्याचं तेलकटपण राहतं आणि प्रायमर पापुद्र्यासारखा निघतो. तोफांचे बुरुज व्हाइट मेटलचे, त्यांच्या कडा कानशीने साफ करायच्या. काळा प्रायमर, त्यावर निळसर राखाडी, मग डेक, मग खाचांत उतरणारा पातळ रंगाचा वॉश, मग कडांवरून कोरडा ब्रश. टेस्ला कॉइलच्या टोकाला आधी निळा, मग फिकट निळा, मग पांढऱ्याचा एकच ठिपका. आणि खिडक्या. प्रत्येक बोटीच्या, दोन्ही एअरशिपच्या सगळ्या खिडक्या मी उजळलेल्या दाखवल्या होत्या. ट्रिपल झिरोचा ब्रश, श्वास रोखून, पिवळा ठिपका. एक वाळला की त्यावर दुसरा, मग तिसरा. पिवळा रंग काळ्यावर एका हातात कधीच बसत नाही.

एवढ्या खिडक्या कशाला केल्या? गेममध्ये त्यांचा काडीचा उपयोग नाही. फाशावर सहा पडला तर दोन हिट आणि वर तोच फासा परत टाकायला मिळतो, त्या आरडाओरड्यात खिडक्या कोण बघतंय. पण तो २०१३ चा हिवाळा होता. दादाचा फोन तिकडे भारतात पहाटे पाचला यायचा, म्हणजे इकडे इंग्लंडमध्ये रात्री साडेअकरा. तोपर्यंत जागं राहायचं तर हाताला काहीतरी हवं. नुसतं फोनकडे बघत बसलं की तो वाजत नाही, आणि वाजला तर... असो. त्या हिवाळ्यात खिडक्या भरपूर झाल्या.

आता दुसरं उत्तर, जे जास्त लाजिरवाणं आहे. रंग वाईट होता का?

हा प्रश्न रात्रभर कुरतडत होता. माणसाने पार्सल फोडलं, हातात घेऊन एकदा फिरवलं आणि थेट डब्यात? एक दिवस शेल्फवर ठेवावंसंही वाटलं नाही? मी जुने फोटो काढले, बोटांनी मोठे करून बघितले. खरं सांगायचं तर बॅटलशिपच्या पुढच्या बुरुजाखाली वॉशचं तळं साचलेलं आहे. डेकच्या फळ्या एका बाजूला सरळ आणि दुसऱ्या बाजूला दारू प्यायलेल्या. फनेलवरचं पितळ इतकं जाड की देवघरातली समई वाटावी. दहा वर्षं मी या ताफ्याला मनात मांडून ठेवलं होतं आणि तिथे तो फारच सुंदर होता.

तरीपण. डेटॉल!

लहानपणी लागलं की बाबा कपाटातून तीच बाटली काढायचे. झाकणात थोडं ओतून पाणी घातलं की पांढरं व्हायचं, मग कापूस. चुरचुरतंय म्हणजे काम करतंय, असं त्यांचं शास्त्र. तो फोटो बघताना मला वास आला, खरंच आला, साउथॅम्प्टनच्या बेडरूममध्ये.

विकल्या का, तर जागा नाही, हे शुभाला दिलेलं कारण. दुसरं कारण चष्मा. रंगवायला आता दोन नंबरचा वाचायचा चष्मा लागतो आणि वर भिंगाचा दिवा, तरी पिवळा ठिपका खिडकीच्या बाहेर पडतो. तिसरं कारण टेबलावर आहे. या गेमचा, डिस्टोपियन वॉर्सचा, काळ १८७० चा, आणि त्याच १८७० मध्ये मॅग्डाला आणि अॅबिसिनिया या दोन खऱ्या लोखंडी बोटी इंग्लंडमध्ये पाण्यात उतरल्या, मुंबई बंदराच्या रक्षणासाठी. मॅग्डाला २२५ फुटांची, बुटकी, दोन बुरुजांत मिळून चार तोफा. या गेमच्या कुठल्याही ताफ्यात शोभली असती. आमच्या स्केलमध्ये ती सत्तावन्न मिलिमीटरची होते, करंगळीएवढी. प्लॅस्टिकच्या पातळ शीटमधून तिचा हल कापून ठेवलाय, बुरुजांसाठी पेनाच्या रिफिलचे तुकडे. मुंबई राखायला आली आणि तीसहून जास्त वर्षं बंदरात उभी राहिली. कुणी चालून आलंच नाही. शेवटी भंगारात गेली.

माझ्या प्रशियन ताफ्याचीही लढाईची कारकीर्द अशीच. बारा वर्षांत चार सामने. त्यातला एक अर्ध्यावर सोडला, कारण क्लबचा हॉल नऊला बंद व्हायचा.

चार सामने, आणि म्हणे माझा ताफा.

दुपारी जेवून बसलो आणि सिंकखालचं कपाट उघडलं. बाटली तिथेच आहे. अर्धी. ती जखमांसाठी आणलेली नाही, आपल्याशीच कशाला खोटं बोला. २०१७ च्या ऑगस्टमध्ये गेम काढणारी मूळ कंपनी बंद झाली आणि मला धडकी भरली की आता काहीच मिळणार नाही. दिसेल ते सेकंडहँड उचलत सुटलो. (पुढे वेलँड गेम्सने हक्क घेतले, वॉरक्रेडलने नवा प्लॅस्टिकचा ताफा काढला, सगळं मिळायला लागलं. धडकीचे पैसे मात्र गेले.) त्या वेळी एक ब्रिटानियाचा, म्हणजे गेममधल्या ब्रिटिश ताफ्याचा, लॉट आला होता, स्वस्तात, कारण कुणीतरी, बहुतेक घरातल्या लहान मुलीने, दोन क्रूझर गुलाबी केल्या होत्या. नेलपॉलिशने. चमकीचं. डेकवर बदाम काढलेला, तोही नीट, दोन्ही बाजू सारख्या.

मी काय केलं? फोटो काढून क्लबच्या ग्रुपवर टाकला. पोट धरून हसलो आम्ही. आणि त्याच संध्याकाळी आइस्क्रीमच्याच डब्यात बुडवल्या. माझा डबा व्हॅनिलाचा होता, याचा कसला आहे ते फोटोत नीट दिसत नाही.

नेलपॉलिश डेटॉलला दाद देत नाही. दोन रात्री गेल्या, एक टूथब्रश गेला, हातांना आठवडाभर दवाखान्याचा वास. शेवटी जमेल तेवढं खरवडलं आणि वर काळा प्रायमर मारला. आज त्यातली एक क्रूझर कपाटातून काढून भिंगाखाली धरली. मागच्या फनेलच्या जाळीत सुईने जरा टोकरलं. काळ्याखाली गुलाबी चमकी. जशीच्या तशी.

ती मुलगी आता वीस-बावीसची असेल. तिला आठवतही नसेल. किंवा आठवत असेल आणि कुठेतरी बसून रोजनिशी लिहीत असेल, की बाबांनी माझ्या बोटी विकल्या. मी सुई बाजूला ठेवली. फनेलला परत काळं लावायला ब्रश घेतला, मग तोही ठेवला. राहू दे तेवढं उघडं. बॅटल डॅमेज म्हणू.

गेल्या महिन्यात पोर्ट्समथला वॉरियर ही जुनी युद्धनौका बघायला गेलो होतो, तिसऱ्यांदा. १८६० ची बोट, तिच्या काळातली समुद्रावरची सगळ्यात दांडगी, आणि तिनेही आयुष्यात एक लढाई लढली नाही. पन्नास वर्षं वेल्समध्ये तेलाचा तरंगता धक्का म्हणून पडून होती. मग सगळं खरवडून, नव्याने घडवून, १९८७ मध्ये पोर्ट्समथला आणली. कठड्यावरून हात फिरवला तर रंगाचा थर इतका जाड की खालचे खिळे गोल झालेत. तेव्हा मला काहीच वाटलं नव्हतं. मी कॅफेत जाऊन स्कोन खाल्ला.

संध्याकाळी सहाला त्याचा परत मेसेज. पोरगा सज्जन आहे, तक्रार करायला जागाच देत नाही. म्हणे, राखाडी सगळा सुटला, डेकही साफ झाला, पण खिडक्यांतला तो पिवळा काही हलत नाही. कसला रंग आहे? सोबत फोटो. उघड्या फिकट रेझिनची बॅटलशिप, नुकतीच न्हाऊन काढलेली, आणि तिच्या दोन्ही बाजूंना ओळीने पिवळे ठिपके. आता अंधारच राहिलेला नाही, तरी दिवे लावून बसलेली.

मी बराच वेळ तो फोटो बघितला. शुभाला दाखवला. "अय्या, या तर छान दिसतायत," ती म्हणाली आणि कुकर बंद करायला गेली.

मग उत्तर लिहिलं. साधाच अॅक्रेलिक आहे, तीन थर आहेत. कडक टूथब्रश घे, हातमोजे घाल, आणि पूर्ण साफ होईपर्यंत पाणी अजिबात लावू नको. ब्रशसुद्धा डेटॉलमध्येच धुवायचा, पाणी लागलं की सुटलेला रंग च्युइंगगमसारखा चिकटतो. घाई करू नको, अजून एक रात्र ठेव. त्याने भरभरून आभार मानले आणि विचारलं, आणखी काही युक्ती?

लाकडी टूथपिकचं टोक डेटॉलमध्ये भिजवून आत फिरवलं की एकेक खिडकी अर्ध्या मिनिटात मोकळी होते.

नाही, एवढंच, असं लिहिलं आणि अंगठा पाठवला.