लोणारचं विवर आणि साठीपुढचे गुडघे

लोणारला आलेला माणूस साधारण काय करतो? काठावरच्या कठड्याला टेकतो, तळ्याकडं पाठ करून फोटो काढतो, "पाणी गुलाबी कुठं हाय?" असं विचारतो आणि अर्ध्या तासात शेगावच्या रस्त्याला लागतो. आमच्या पेन्शनर कंपूचा हे बघून नुसता जळफळाट होतो. काळ्या बेसॉल्टवर, म्हणजे लाव्हा थिजून झालेल्या दगडावर, उल्का आदळून पडलेलं सुमारे १.८ किलोमीटर रुंदीचं विवर आहे हे. काठ आजूबाजूच्या शेतांपेक्षा वीसेक मीटर वर उचललेला आणि तळ काठापासून जवळजवळ १३७ मीटर खाली. वरून फक्त आकार कळतो. देवळं, मोर, खाऱ्या चिखलाचा वास, दगडांचे थर, सगळं खाली आहे.

साठी-पासष्टी उलटलेल्यांनी खाली जायचं म्हटलं की चहावाल्यापासून घरच्या सुनेपर्यंत सगळे एकच बोलतात, "बाबूजी, चढताना दम लागंल." लागतो ना दम, आणि दोन मिनिटं उभं राहिलं की जातो. चढाला कुणी पडत नाही. माणूस पडतो तो उताराला, आणि त्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही.

आधी बाकीचं उरकतो. मेहकरहून सुलतानपूरमार्गे एसटी. ७५ वर्षांपुढच्यांना २०२२ पासून तिकीट माफ, ६५ ते ७५ वाल्यांना अर्धं, बायकांना २०२३ पासून सरसकट अर्धं. ओळखपत्र मूळ असलेलं बरं, फोनमधलं दाखवताना चष्मा शोधण्यात कंडक्टरचा जीव जातो. या सवलतीमुळे आमच्या कंपूत वयाचा मान राहिलेला नाही, नुसता हेवा उरला आहे. मुक्कामाबद्दल एवढंच की खोली ठरवताना भाडं नंतर विचारावं. आधी दोन प्रश्न: खोली तळमजल्यावर आहे का, आणि संडास कमोडचा आहे का. "आहे, आहे" म्हणणाऱ्या एका लॉजवर वरच्या मजल्याची खोली निघाली आणि कमोड निघाला मालकाच्या घरात. दुसऱ्या दिवशी १३७ मीटर उतरून चढायचं असेल तर आदल्या रात्री उकिडवं बसण्याची कसरत कुणाला हवी आहे?

काळ नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात हिरवाई सुंदर, पण दगडावर शेवाळ धरतं. मार्च-एप्रिलपासून विवरात वारा पडतो आणि काळा दगड ऊन धरून ठेवतो, त्यामुळे वरच्यापेक्षा खाली जास्त भाजतं. हिवाळ्यातसुद्धा उजाडता उजाडता उतरायला लागावं आणि अकराच्या आत वर यावं. हे अभयारण्य आहे, वनखात्याच्या वेळा असतात, त्या आदल्या संध्याकाळीच विचारून ठेवाव्यात.

आता उतार.

१३७ मीटर म्हणजे तीन मीटरचा एक मजला धरला तर पंचेचाळीस मजले. जिना उतरताना गुडघ्याच्या सांध्यावर शरीराच्या वजनाच्या तिपटीहून जास्त भार येतो. मांडीचा पुढचा स्नायू चढताना आखडून जोर लावतो. उतरताना तोच स्नायू ताणला जात असताना ब्रेक लावतो, आणि हे काम त्याला जास्त दुखवतं. त्यात गंमत अशी की उतरताना छाती धपापत नाही. त्यामुळे आपण दमतोय हे कळतच नाही. गप्पा चालू राहतात, वेग वाढत जातो, आणि शेवटच्या टप्प्यात मांडी थरथरायला लागते. "माझे पाय का बरं लटपटतायत?" असं कुणी म्हणालं की समजावं, वीस मिनिटांपूर्वीच थांबायला हवं होतं.

तयारी आदल्या रात्रीपासून करावी. पायाची नखं कापलेली हवीत. उतारावर पाऊल बुटात पुढं सरकतं, अंगठ्याचं नख दर पावलाला टोकावर आपटतं आणि संध्याकाळपर्यंत काळं पडतं. चालून पाय सुजतो, म्हणून बूट अर्धा नंबर मोठा असावा. पण नाडी घोट्याशी घट्ट बांधावी, पुढं पंजाकडं थोडी सैल. सगळीकडून सारखी आवळली तर बोटं बधिर होतात आणि टाच तरी हलतेच. तळवा खोबणीदार हवा. बागेत फिरायचे जुने बूट तळाला गुळगुळीत झालेले असतात, वरून मात्र नवे दिसतात, म्हणून उलटे करून बघावेत. नुसते कापडी बूटही नकोत, कारण तळ्याच्या बाजूला विलायती बाभळीचे काटे असतात आणि ते पातळ तळव्यातून आरपार येतात. सुती मोजे घाम पितात, ओले राहतात आणि फोड आणतात. पायाला कुठं गरम लागायला लागलं की तिथंच थांबून कागदी चिकटपट्टी लावावी. फोड आल्यावर लावून उपयोग नाही.

चष्म्याचा विचार तर कुणीच करत नाही, आणि आमच्या मते साठीपुढच्या निम्म्या ठेचा चष्म्यानेच लागतात. दुहेरी किंवा प्रोग्रेसिव्ह काचेत खालचा भाग वाचायचा असतो. पायरीकडं बघायला नजर खाली टाकली की नेमक्या त्या वाचायच्या भागातून दिसतं. तो भाग हातभर अंतरासाठी केलेला, पायरी त्याच्या कितीतरी पलीकडं. कडा धूसर होते, पायरी आहे त्यापेक्षा वर किंवा खाली वाटते, पाऊल हवेत पडतं. उपाय स्वस्त आहे: फक्त दूरचं बघायची साध्या काचेची एक जोडी करून घ्यावी आणि उताराला तीच घालावी. ती नसेल तर हनुवटी छातीकडं नेऊन काचेच्या वरच्या भागातून बघावं. मान दुखते, पण चालतं.

काठी एक तरी हवीच. सपाटीवर तिची उंची कोपर काटकोनात राहील एवढी, उताराला तीनचार बोटं जास्त. लांबी बदलता येणारी नसेल तर गावातून बांबूची जरा लांब काठी घ्यावी आणि चढताना मूठ खाली धरावी. एक गुडघा दुखरा असेल तर काठी विरुद्ध हातात. बहुतेक जण दुखऱ्या बाजूलाच धरतात. पायरी मोठी असली की चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. फारच उंच पायरी असेल तर तोंड बाजूला करून आडवं उतरावं. त्यात लाज कसली?

वाटा एकाहून जास्त आहेत. गोमुखाच्या धारेकडून पायऱ्या आहेत, पण दगडी पायऱ्यांची उंची एकसारखी नाही, आणि धार बारमाही वाहते, लोक तिथं आंघोळी करतात, म्हणून वरचा टप्पा ओला असतो. पायऱ्या संपल्या की भुरभुरीत मुरूम येतो. कठीण दगडावर पसरलेले बारीक खडे सगळ्यात वाईट, पायाखालून ते गोळ्यांसारखे घरंगळतात. इथं टाच रोवून लांब ढांग टाकली की घसरलंच समजा. पावलं आखूड, गुडघे किंचित वाकलेले, सबंध तळवा एकदम टेकवायचा, आणि वजन टाकण्याआधी पाऊल दाबून बघायचं. झाडाची फांदी धरण्याचा मोह होतो. वाळकी फांदी हातात येते आणि माणूस तिच्यासकट खाली.

रांगेचाही नियम आहे. वाट माहीत असलेला पुढं, सर्वांत हळू चालणारा त्याच्या मागं, धट्टाकट्टा सर्वांत शेवटी. हळू चालणाऱ्याला शेवटी ठेवलं की तो पोचेपर्यंत बाकीच्यांची विश्रांती संपते, आणि त्याला ती मिळतच नाही. दोघांत चारेक पावलांचं अंतर ठेवावं. दगड सुटला तर "दगड!" असं ओरडायचं, सॉरी नंतर. आणि उतारावर महागाई भत्ता, पेन्शनविक्री, वेतन आयोग हे विषय बंद. या विषयांवर बोलताना आमचा माणूस मान वळवून मागच्याच्या डोळ्यांत बघतो, आणि पाय पुढं चालूच असतात.

पाणी माणशी दोन लिटर. इथं पुरुष मंडळींची एक खोड सांगायलाच हवी. प्रोस्टेटमुळे वारंवार जावं लागतं, म्हणून ते सकाळपासून पाणीच पीत नाहीत. मग चढताना गोळे येतात आणि उठून उभं राहताना डोळ्यांपुढं अंधारी. बीपीच्या गोळ्यांत लघवीची गोळी असेल तर आणखीच. गोळी मनानं बंद करू नये, जाण्याआधी डॉक्टरला विचारावं, आणि पाणी घोटघोट पीत राहावं. एक लिटर पाण्यात सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, दोन्ही चहाचे सपाट चमचे, एवढं मिश्रण एका बाटलीत असावं. शुगरची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यानं खाल्ल्याशिवाय उतरूच नये. हातपाय कापणं, दरदरून घाम, उगाच चिडचिड झाली तर तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी, पंधरा मिनिटं बसवावं, फरक नसेल तर पुन्हा तेवढीच. शिदोरीला ज्वारीची भाकर, ठेचा, गूळ-फुटाणे. केळी पिशवीबाहेर दिसली की वानरं घेऊन जातात, आणि त्यांच्याशी ओढाताण करायची नसते.

खाली पोचलं की पाण्याकडं थेट चालत जायचं नाही. काठावर पांढरट पापुद्रा दिसतो, वाळलेला वाटतो, आणि त्याच्याखाली चिखल असतो. बूट घोट्यापर्यंत जातो. पाऊस जास्त झालेल्या वर्षी काठची पायवाटच पाण्याखाली असते, तेव्हा सबंध फेरीचा हट्ट सोडून तळ्याकाठच्या कमळजादेवीच्या देवळापर्यंत जाऊन परतावं. पाण्याचा सामू दहाच्या आसपास, म्हणजे चांगलंच अल्कधर्मी. इथला खार पूर्वी काढला जायचा, दल्ला, खुप्पल, पापडी अशी त्याच्या प्रकारांची नावं होती. काच आणि साबणाला लागणारं सगळं इथं मिळतं, ही नोंद तर अकबराच्या काळातल्या 'ऐन-ए-अकबरी'त आहे. गुलाबी पाण्याचं म्हणाल तर ते जून २०२० मधलं. पाणी आटून क्षार वाढले, खाऱ्या पाण्यात जगणाऱ्या सूक्ष्मजीवांनी रंग धरला, आणि पाऊस झाल्यावर तो गेला. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात तळं रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आलं.

चुंबक घेऊन जावं, लहानसा पुरतो. काठच्या वाळूत फिरवला की त्याला काळ्या कणांच्या मिशा फुटतात, फुंकर मारली तरी झडत नाहीत. काही वाटाडे ते उल्केचं लोखंड म्हणून सांगतात. पण बेसॉल्टमध्येच मॅग्नेटाइट हे चुंबकाला चिकटणारं लोहखनिज असतं, दगड झिजला की तेच वाळूत येतं. विदर्भातल्या कुठल्याही काळ्या दगडाच्या ओढ्यात हा खेळ थोडाफार जमतो. उल्केची खरी खूण दगडाच्या आत आहे. धक्क्यानं काचेसारखं झालेलं मॅस्केलिनाइट नावाचं खनिज इथं सापडतं, आणि ते सूक्ष्मदर्शकाखाली दिसतं, वाटाड्याच्या तळहातावर नाही. वयाचीही अशीच ओढाताण. जुन्या मोजणीत विवर सुमारे ५२ हजार वर्षांचं, नंतर दगडातल्या आर्गॉन वायूवरून केलेल्या मोजणीत सुमारे ५ लाख ७० हजार वर्षांचं. आम्हाला दुसरा आकडा आवडतो, आपण त्यामानानं अगदीच तरुण ठरतो.

चढाबद्दल थोडक्यात. एक वाक्य सलग बोलता येईल एवढाच वेग. वीस मिनिटांनी थांबायचं, पण जमिनीवर बसायचं नाही, गुडघ्याएवढ्या उंच दगडावर टेकायचं. जमिनीवरून उठताना गुडघा आणि बीपी दोन्ही दगा देतात. छातीत दाब, जबड्यात किंवा डाव्या हातात दुखणं याला "गॅस झाला" म्हणून चालत राहणारा एक तरी महाभाग प्रत्येक कंपूत असतो. त्याला बळंच बसवावं आणि वर निरोप धाडावा. खाली गाडी येत नाही, माणूस माणसांनीच वर आणायचा असतो. फोनच्या रेंजवर विसंबू नये. उतरण्याआधी काठावरच्या चहावाल्याला किती जण चाललो आणि किती वाजता येऊ हे सांगून जावं. तो न विसरता वाट बघतो. "बाबूजी, सगळे आले ना जी वर?" असं विचारून मोजतो आणि मगच चहा गाळतो. एवढी विचारपूस कुठल्या तारांकित हॉटेलात होते?

दुपारी गावातलं दैत्यसूदन मंदिर. बाहेरून ताऱ्याच्या आकाराचं, आत काळोख आणि उंच उंबरठे, तेव्हा पुन्हा साधा चष्मा आणि बॅटरी.

मांड्या लगेच दुखत नाहीत. दुसऱ्या दिवशी सुरू होतात आणि तिसऱ्या दिवसापर्यंत जिना उतरताना कठडा धरायला लावतात. म्हणून सिंदखेडराजाचा जिजाऊंचा वाडा बघायचा असेल तर तो लोणारच्या आदल्या दिवशी उरकावा. नंतर ठेवला तर अर्धे लोक खाली सावलीत बसून "तुम्ही या जाऊन" म्हणतात.