खानापूरच्या पावसात टिकणारी मूठ

चाकूचा विषय निघाला की सगळे पात्यावरच बोलत बसतात, स्टील कुठलं, जाडी किती, धार कितीची, आणि मूठ काय तर जी आली ती आली. पण दिवसभर बागेत राबणाऱ्याला विचारा, त्याचा हात पात्याला लागतच नाही, लागतो तो मुठीला, आणि फोड येतात तेही मुठीमुळंच. म्हणून आज फक्त मुठीबद्दल लिहितोय. तीही फुल टँग चाकूची, म्हणजे पात्याचं लोखंड मागं शेवटपर्यंत गेलेलं असतं आणि त्याला दोन्ही बाजूंनी दोन तुकडे लावून पिना मारतात. त्या तुकड्यांना स्केल म्हणतात.

मी मूठ बसवली तो चाकू मामांचा आहे, खानापूर तालुक्यात जांबोटीकडं त्यांची काजूची बाग आहे. पातं जुन्या जीपच्या कमानीच्या पाट्याचं, गावातल्याच लोहारानं केलेलं, सहा मिलिमीटर जाड, सहा इंच लांब. असल्या पात्यानं बांबू तासतात, काजूच्या वाळल्या फांद्या छाटतात, पाठीवर दांडका हाणून चुलीसाठी लाकूड फोडतात. म्हणजे मुठीवर नुसती पकड नसते, दणके असतात. आणि वर जूनपासून सप्टेंबरपर्यंत सगळं ओलंच.

हा ओलेपणाच माझ्या मते खरा मुद्दा आहे. आमच्या बेळगाव जिल्ह्यात पावसाची अशी तऱ्हा आहे की एकच मूठ दोन्ही टोकांना चालत नाही. पश्चिमेला कणकुंबी, जिथं मलप्रभा उगम पावते, तिथं वर्षाला कितीतरी हजार मिलिमीटर पडतो, आणि पूर्वेला अथणीत पाच-सहाशे मिलिमीटर पडला तरी लोक चांगलं वर्ष म्हणतात. लाकूड हवेतला ओलावा घेतं, सोडतं, आणि फुगतं ते रुंदीला, लांबीला जवळजवळ नाहीच. म्हणजे वैशाखात लोखंडाशी एकदम सपाट घासून बसवलेलं लाकडी स्केल श्रावणात कडेनं वर येतं, परत मार्च-एप्रिलमध्ये आक्रसलं की लोखंडाची कड हाताला टोचायला लागते. आणि त्या सांध्यात एकदा पाणी शिरलं की आतून गंज, बाहेरून काहीच दिसत नाही.

अथणी, चिकोडी, निपाणीकडचा चाकू असता तर मी बाभूळच घेतली असती, बिनधास्त. तीही नवी नाही, जुन्या बैलगाडीच्या चाकाचे आरे मिळाले तर सोनंच. आऱ्याला सुतार सरळ रेषेचं लाकूड निवडून घ्यायचे आणि ते वर्षानुवर्षं ऊन-पाणी खाऊन मुरलेलं असतं, आता त्यात हलायचं असं फार काही उरलेलं नसतं. शिसव दिसायला सगळ्यात देखणी, वजनदार, पण झाड तोडायला वनखात्याची परवानगी लागते, आणि शिसव ज्या डालबर्जिया वंशातली, तो अख्खा वंशच २०१७ पासून सायटीस या वन्य जिवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहे, तेव्हा घ्यायची तर मोडक्या जुन्या पलंगाची, दाराची वगैरे घ्या, नवीच्या मागं लागू नका.

पण जांबोटीला लाकूड नको असं मी ठरवलं आणि बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत जाऊन हायलम आणलं. परदेशी चाकूवाले ज्या मायकार्टाचं एवढं कौतुक करतात, जे वेस्टिंगहाऊस कंपनीनं १९१० च्या सुमारास विजेच्या कामासाठी काढलं, त्याच जातीचा माल आहे हा. सुती कापडाचे थर फिनॉलच्या रेझिनमध्ये भिजवून, गरम करून, दाबून केलेली शीट. वर्कशॉपवाले त्याचे बुश करतात, आवाज न करणारे गिअर करतात. घेताना कापडीच मागायचं, कागदी हायलम विजेच्या बोर्डाला ठीक आहे पण दणका बसला की त्याचे टवके उडतात. तुकडा कापून देणारा म्हणाला, "चाकूला हायलम? लाकडं संपली काय मरे?" पण ड्रिल मारायला जागा त्यानंच दिली. कापताना कार्बोलिकसारखा वास सुटतो आणि धूळ बारीक असते, मास्क पाहिजेच, नुसता रुमाल बांधून भागत नाही.

आता भोकं. कडक केलेल्या पाट्याला साधं एचएसएस (हायस्पीड स्टीलचं) ड्रिल लागत नाही, बिटची धार जाते आणि लोखंड नुसतं चकाकतं. म्हणून लोहाराला आधीच सांगून ठेवायचं की पाणी (तापवून बुडवून कडक करणं) फक्त धारेकडच्या भागाला दे, मागचा भाग मऊ ठेव आणि भोकं पाणी द्यायच्या आधीच पाड. पिनांच्या तीन भोकांशिवाय अजून दोन-तीन जादा पाडून घेतली, त्यातून गोंद आरपार जाऊन दोन्ही स्केल एकमेकांना धरतात, वजनही थोडं उतरतं. स्केलला भोकं पाडताना पहिलं स्केल लोखंडाला घट्ट आवळायचं, लोखंडाच्याच भोकातून ड्रिल घालायचं, पहिलं भोक झालं की त्यात लगेच पिन घालून ठेवायची आणि मगच दुसरं, नाहीतर क्लॅम्प केसभर सरकला तरी पिन जात नाही. दुसरं स्केलही तसंच. हे काम बेंच ड्रिलवरच करा, हातातल्या मशीनवर भोक तिरकं जातं.

लोखंडाचा सपाटपणा बघायला जाड काच घेतली, तिच्यावर पॉलिश पेपर चिकटवला आणि लोखंड त्याच्यावर घासलं. घासल्याचे ओरखडे सगळीकडं सारखे उमटेपर्यंत सोडायचं नाही, कारण जिथं उमटत नाहीत तिथं खड्डा आहे आणि तिथंच पाणी बसणार. स्केलची पात्याकडची टोकं मात्र चिकटवायच्या आधीच पूर्ण घासून तयार ठेवायची, नंतर तिथं कानस लावली की पात्यावर चरे पडतात.

चिकटवायला चोवीस तासवालं अ‍ॅरल्डाइट, पाच मिनिटवालं या कामाचं नव्हे. लोखंड आणि स्केलची आतली बाजू ऐंशी नंबरच्या पॉलिश पेपरनं खरबरीत करून अ‍ॅसिटोननं पुसायची आणि त्यानंतर बोट लावायचं नाही. शिसव किंवा साग असेल तर जास्तच पुसा, त्यांच्यात तेल असतं. आणि क्लॅम्प जीव खाऊन आवळू नका. सगळा गोंद बाहेर पिळून निघाला तर आत धरायला काय राहणार? पण असल्या दणक्याच्या चाकूत नुसत्या गोंदावर माझा भरवसा नाही. सहा मिलिमीटरचा पितळी रॉड, दोन्ही बाजूंना मिलिमीटर-दीड मिलिमीटर बाहेर ठेवून, भोकाचं तोंड थोडं रुंद करून, गोल तोंडाच्या हातोडीनं हळूहळू पसरवत आणायचा. त्यानं उद्या गोंद सुटला तरी स्केल जागचं हलत नाही. ग्राइंडर नंतर लावायचा तोही थांबत थांबत, पितळ तापलं की आतला गोंद मऊ पडतो.

आकारावर मात्र सगळ्यात जास्त वेळ घालवला आणि घालवायलाच पाहिजे. मूठ गोल नको, अंड्यासारखी लांबट हवी, म्हणजे अंधारात, भिजलेल्या हातात नुसतं धरल्यावर धार कुठल्या बाजूला आहे ते कळतं. मध्ये तळव्यात भरेल इतका फुगवटा, आणि मागं करंगळीखाली चोच, ती असली की जोरात हाणताना चाकू हातातून निसटत नाही. बोटांच्या खाचा खूप जणांना आवडतात, दिसतातही भारी, पण त्या एकाच हाताला बसतात. हा चाकू मामा वापरतात तशीच मामीही वापरते, तिचा हात लहान, मग खाचा कुणाच्या मापानं करायच्या? म्हणून सरळच ठेवली, एकूण जाडी चोवीस मिलिमीटरच्या आसपास.

अर्धवट घासलेली मूठ घेऊन मी जांबोटीला गेलो होतो, आणि माझं ऐकाल तर ही पायरी कुणी टाळू नये. घरात बसून मूठ कितीही छान वाटू दे, ज्याचा चाकू त्याच्या हातात देऊन खरंच लाकूड फोडायला लावायचं. मामांना काही विचारलं नाही, बांबू दिला आणि बघत बसलो. थोड्या वेळानं ते अंगठ्याच्या बेचक्याची जागा चोळायला लागले. "हितं लागतंय बघ," म्हणाले. डोळ्याला दिसत नव्हतं एवढं कोपऱ्याचं टोक होतं तिथं. पेन्सिलनं खूण केली आणि तेवढंच उतरवलं. मामीनं धरून पाहिलं, तिला पुढच्या बाजूला जाड वाटली, तिथंही थोडी कमी केली.

शेवटचा हात एकशेवीस नंबरवरच थांबवला. कापडी हायलमला चकचकीत पॉलिश करायचा मोह होतो, पण खरबरीत ठेवलं तर ओलं झाल्यावर त्याची पकड उलट वाढते, जांबोटीच्या पावसाला तेच पाहिजे. लाकडाची मूठ असेल त्यांनी चारशे नंबरपर्यंत जावं, मध्ये एकदा ओलं फडकं फिरवून उठलेले तंतू परत घासावेत आणि जवसाचं तेल पातळ पातळ हातांनी मुरवावं. तेलाच्या चिंध्या मात्र चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका, जवसाचं तेल वाळताना तापतं आणि असल्या बोळ्याला आपोआप आग लागू शकते, मोकळ्या पसरून वाळवा.

कायद्याचं कुणी विचारेल म्हणून सांगतो, शस्त्र नियमात नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्यांचा उल्लेख आहे आणि घरगुती, शेतीच्या हत्यारांना त्यातून वगळलंय. हा चाकू त्या मापाच्या आतलाच आहे, तरी बागेत नेताना म्यानात आणि बाजाराला जाताना घरी.

आता पुढचं काम चिकोडीच्या मावसभावाच्या चाकूचं, त्याला बाभळीची मूठ करायची आहे. कुणाच्या गोठ्यामागं जुन्या गाडीचं चाक मोडून पडलं असेल आणि त्याचे आरे किडलेले नसतील तर कळवा, येऊन घेऊन जातो आणि त्यातलीच एक मूठ तुमच्या विळ्या-कोयत्याला पण बसवून देतो.